तीन शिफ्टमध्ये वाचलेली कादंबरी

मी पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचते. याचा लोकांना राग येतो आणि मला लोकांचा येतो. कोण मेलं, कुणाचं लग्न झालं हे आधी कळलं की मधला भाग निवांत वाचता येतो. खरं सांगायचं तर मग मधला भाग वाचला नाही तरी चालतं. या पद्धतीने मी बरंच मराठी साहित्य उरकलेलं आहे. ‘उरकलेलं’ हा शब्द माझाच, पण पुढे तो सासूबाईंनी माझ्यावर इतक्यांदा उलटवला की आता तो त्यांच्याच मालकीचा झालाय.

मी मूळची नाशिकची. सिल्वासाला रांधा गावाच्या बाजूला धाग्याचा कारखाना आहे, तिथे प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहे. कुठल्या मशीनवर कुठला धागा लावायचा, ऑर्डर कधी निघायची, उशीर कोण करतंय हे बघायचं आणि उशीर करणाऱ्याच्या डोक्यावर बसायचं, हे माझं काम. त्याचा मला पगार मिळतो, पण पगार नसता तरी मी ते केलं असतं. नवरा दुसऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मशीन थांबलं की तो सुरू होतो. घरी मात्र तो बहुतेक वेळा बंदच असतो, म्हणजे बोलत नाही. दोघांनी बोलायचं तेवढं मी एकटी बोलते, त्यामुळे आमचं छान चाललेलं आहे.

सासूबाई धुळ्याहून आमच्याकडे आल्या त्या गुडघ्यासाठी. वापीला ऑपरेशन झालं आणि त्या आमच्याकडे राहिल्या. जन्मभर शाळेत शिकवलेलं, त्यामुळे आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोचणारा. सामान म्हणजे एक बॅग, तिच्यात अर्ध्या साड्या आणि अर्धी पुस्तकं. मला सासू या प्रकाराची धास्ती होती. पण या बाईने पहिल्याच आठवड्यात माझ्या पोळीकडे बघून “ही तू केलीस की वितळली?” असं विचारलं, आणि मला इतकं हसू आलं की धास्ती तिथेच संपली.

मग मला त्यांची सवय लागली. आमच्या घराला कायम कुलूप. दोघंही कामावर, जो आधी येईल त्याने किल्ली शोधायची. त्या आल्यापासून मी बेल वाजवायला लागले. आतून “आले, आले, दार तोडू नको” असा आवाज यायचा. कंपनीच्या बसमधून उतरून जिना चढताना मी त्या आवाजाची वाट बघायचे. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असंच वाटत नव्हतं.

गुडघा बरा झाला. डॉक्टरांनी पट्टा काढायला सांगितला. पट्टा त्याच्या खोक्यात गेला, खोकं कपाटावर गेलं आणि सासूबाईंनी जेवताना जाहीर केलं, “मी आता धुळ्याला जाते.”

नवऱ्याने भात कालवायचा थांबवला. त्याच्या बाबतीत हे आकांत करण्यासारखंच.

“का?” मी विचारलं. “इथे काय कमी आहे?”

“कमी काही नाही. पण बोलायचं कुणाशी? तुम्ही दिवसभर कारखान्यात. घरी आलात की पुन्हा कारखानाच. काल जेवताना तुम्ही दोघं एका बेअरिंगवर बोलत होतात. वरण गार होईपर्यंत.”

“धुळ्याला तरी कोण आहे? घर रिकामंच ना?”

“गल्लीतल्या बायका येतात दुपारी. आम्ही वाचतो. वाचून झालं की भांडतो.” हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला की मला त्या गल्लीतल्या बायकांचा, एकीलाही न बघता, मत्सर वाटला.

“मग मी वाचते तुमच्याबरोबर!” मी म्हणाले. “सांगा कुठलं. सगळ्यात अवघड असेल ते द्या.”

सासूबाई उठल्या आणि बॅगेतून एक जाडजूड कादंबरी घेऊन आल्या. भाकरीच्या पिठाचा डबा ठेवावा तशी ती त्यांनी ताटाशेजारी ठेवली. “हे वाच. मग बोलू. हे पुस्तक संपेपर्यंत मी थांबते.”

आता कुणाही शहाण्या माणसाला या वाक्याचा अर्थ तिथल्या तिथे कळला असता. मला मात्र त्यात फक्त ‘संपेपर्यंत’ ऐकू आलं. संपवायचं असं कुणी म्हटलं की माझ्या अंगात येतं. मी ठरवलं की आठवड्यात फडशा पाडायचा, चर्चा करून दाखवायची, मग त्या कशाला जातायत.

पद्धतीप्रमाणे आधी शेवटचं पान काढलं. त्यात एक बाई अंगणात बसून तांदूळ निवडत होती. बस्स. कोण बाई, कुणाचे तांदूळ, काही नाही. निवडत होती आणि पुस्तक संपलं होतं. मी पहिलं पान काढलं. तिथेही एक बाई होती आणि ती विहिरीवर निघाली होती. या लेखकाने कादंबरीतल्या तिन्ही बायकांना नावंच दिली नव्हती. एक म्हातारी, एक तिची सून, एक सासर सोडून परत आलेली मुलगी. कुठलं बोलणं कुणाचं ते लिहिलेलं नाही. काल घडलेलं आज येतं, उद्याचं परवाच्या आधी. एक वाक्य तर पान उलटलं तरी चालूच, त्याला मध्ये कुठे स्टॉपच नाही. दोन संध्याकाळी मी लढले आणि ती बाई अजून विहिरीवर पोचली नव्हती.

या वेगाने ऑर्डर निघणार नाही हे उघड होतं. कारखान्यात अशा वेळी काय करतात? एका मशीनवर काम उरकत नसेल तर ते तीन मशीनवर वाटतात. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई समोरच्या गुजराती मासींकडे गेल्या होत्या. मी पॅकिंगचा कटर घेतला, पुस्तक पाठीवर उभं धरलं आणि त्याचे तीन सरळ भाग केले. ए शिफ्ट, बी शिफ्ट, सी शिफ्ट. ए नवऱ्याला दिला, बी मी घेतला. ज्याचं आधी संपेल त्याने सी घ्यायचा. इतकी स्वच्छ कड आमच्या पॅकिंगवाल्यांनाही जमत नाही, असा अभिमानच वाटला.

नवऱ्याने तो तुकडा हातात धरून म्हटलं, “आईचं आहे हे.”

“टेप लावून देऊ. तू वाच.”

रोज संध्याकाळी आम्ही बाल्कनीत, कपडे काढायच्या निमित्ताने, हँडओव्हर करायचो. ज्यांनी कारखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. शिफ्ट बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला मशीनचा हालहवाल सांगतो, त्याला हँडओव्हर म्हणतात. सांगायचं थोडक्यात, कारण जाणाऱ्याची बस निघायची असते. नवरा याच पद्धतीने बोलायचा.

“म्हातारा ब्रेकडाउन.”

“म्हणजे मेला?”

“कायमचा बंद. विहिरीला पाणी लो लेव्हल. एक बाई रडत होती, कारण कळलं नाही, आपोआप थांबली. बाकी नॉर्मल.”

“आणि मुलगा?”

“कुठला मुलगा?”

“माझ्या भागात सगळे मुलाबद्दल बोलतायत. तो गेला कुठे?”

नवऱ्याने ए शिफ्टची पानं चाळली. “माझ्या शिफ्टमध्ये गेलेला नाही,” तो म्हणाला, अगदी हजेरीच्या खिडकीवर बसलेल्या माणसासारखा.

अशा रीतीने आठवड्यात कादंबरी संपली. नवऱ्याने ब्राउन टेप लावून पुस्तक पुन्हा एक केलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, वरून बघता काही कळत नव्हतं. रविवारी सकाळी मी आंघोळ करून, जवळजवळ परीक्षेला जाते तशी, सासूबाईंसमोर बसले.

“झालं वाचून,” मी म्हणाले. “फार सुंदर आहे.”

“इतक्यात?” त्यांनी चष्मा डोळ्यांवरून वर घेतला. “काय आवडलं?”

“ती म्हातारी. काय जिद्द! नवरा गेला, मुलगा गेला, पण त्या वयात ती पुन्हा बाळंत होते आणि सगळं नव्याने सुरू करते. मला तर भरून आलं.”

सासूबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. नवरा पेपरमागे गेला.

“बाळंत कोण होते?” सासूबाईंनी अगदी हळू विचारलं.

“म्हातारी.”

“म्हातारी.”

“मेडिकली अवघड आहे, पण कादंबरीत...” माझा आवाज आपोआप बारीक झाला.

“पुस्तक आण.”

कव्हर निघालं. टेप दिसली. आणि वर आणखी एक गोष्ट दिसली, जी मलाही तेव्हाच कळली. नवऱ्याने जोडताना सी शिफ्ट बीच्या आधी लावली होती. सासूबाई एरवी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलतात. पण रागात किंवा फार माया आली की अहिराणी येते. त्या किंचाळल्या, “मनं पुस्तक! हाई काय करी टाकं?” मासींनी समोरून दार उघडून बघितलं.

नवऱ्याने पेपर खाली केला. “आई, तसं बघितलं तर ते अजून चालू कंडिशनमध्ये आहे.”

त्याला त्या दिवशी दुपारचं जेवण उशिरा मिळालं. मला शिक्षा झाली ती अशी की पुस्तक पहिल्यापासून वाचायचं, मोठ्याने, त्यांच्यासमोर बसून. किती वाचायचं ते त्या ठरवणार. “आणि शेवटचं पान काढलंस तर याद राख.”

कामावरून आले की चहा, मग वाचन. पहिले काही दिवस मी अक्षरशः तडफडले. मी एखादं वाक्य वाचून पुढे सटकले की त्या म्हणायच्या, “परत.” मी परत वाचायचे. “आता दमाने.” मी दात-ओठ खात दमाने वाचायचे. पाय आपोआप हलायचा, तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून पाय थांबवला, वर्गातल्या पोराचा थांबवावा तसा. कारखान्यात मी ज्यांना “लवकर, लवकर” म्हणून पिडते त्या सगळ्यांचे तळतळाट मला एकदम लागले होते.

मासींना मराठी वाचता येत नव्हतं, कळायचं बरंच. त्या वाल सोलायला घेऊन आमच्याकडेच येऊन बसायला लागल्या. पुढे काय झालं, हे रोज आल्या आल्या विचारायच्या, “पछी शुं थयुं?”

“कशुं नहीं, मासी. ती अजून विहिरीवरच आहे.”

“हजी?” मासींनी वालाची शेंग खाली ठेवली. “आ बेन घेर क्यारे जशे?”

ही बाई घरी कधी जाणार, हा मासींचा मुद्दा मला सोळा आणे पटत होता.

ए शिफ्ट संपली त्या रविवारी सासूबाईंना खानवेलला जायचं होतं. फिरायला म्हणून नाही. लांबच्या प्रवासात गुडघा काय म्हणतो ते बघायला. “वापी ते सुरत, सुरत ते धुळं. आधी बसचा एक फेरा करून बघू.” म्हणजे त्यांची जायची तयारी चालू होती आणि तिची ट्रायल रन करायला मीच बरोबर चालले होते. नवऱ्याला कंपनीतून फोन आला, कुठलंसं मशीन बसलं होतं, तो गाडी घेऊन पळाला. आम्ही दोघी बसने गेलो. नदीवर बसलो, भजी खाल्ली, गुडघ्याने काही तक्रार केली नाही. मी मात्र मनातल्या मनात त्याला सांगत होते, थोडा दुख ना रे बाबा.

परतीची बस येईना. जीपवाला आला, पण जीप भरलेली, लोक मागे लटकलेले. त्यात चढायला सासूबाई तयार होईनात. माझ्या फोनने मान टाकली. बसथांब्याच्या कट्ट्यावर आम्ही दोघी, एक झोपलेलं कुत्रं आणि पिशवीत कादंबरीची बी शिफ्ट. टेप तोवर निघून आली होती, म्हणून मी तेवढाच भाग बरोबर आणला होता, वजन कमी म्हणून.

“काढ,” त्या म्हणाल्या.

मी काढलं. सासर सोडून आलेली मुलगी म्हणते, मी निघते. मग गाठोडं बांधते. मग काहीतरी राहिलं म्हणून सोडते. पुन्हा बांधते. मग पोराची टोपी सापडत नाही, पुन्हा सोडते. हे सगळं एकाच वाक्यात, आणि ते वाक्य वाचताना माझा श्वास संपला.

“झालं,” मी म्हणाले. “ती चालली. पुढे?”

“परत.”

पुढे जायला जागाच नव्हती. बस नाही, फोन नाही, सी शिफ्ट घरी. मी परत वाचलं. मग त्यांनी न सांगताही आणखी एकदा वाचलं, कारण कुत्र्याकडे किती वेळ बघणार? या खेपेला एक गोष्ट खटकली.

“आई,” मी म्हणाले, “ही टोपी तर मागच्या पानावर तिनेच उशीखाली ठेवली होती.”

सासूबाई कट्ट्यावर जरा माझ्याकडे सरकल्या.

“म्हणजे हिला जायचंच नाहीये!”

“जायचं असतं तर एकदाच बांधलं असतं,” त्या म्हणाल्या. “या पुस्तकात तोंडाने कुणी खरं सांगत नाही गं. तोंडाने सगळ्या म्हणतात ‘निघते’. हात काय करतायत ते बघायचं असतं. तुला घाई, तू तोंडाचं ऐकून पुढे पळतेस.”

“मग ती सांगत का नाही सरळ?”

“कसं सांगणार? माहेर भावाचं. राहू का, असं विचारायची चोरी. विचारलं आणि समोरचा जरा जरी थांबला, तरी संपलं.”

मी मागची पानं काढली. म्हातारी दिवसातून इतक्यांदा विहिरीवर का जाते, घागर अर्धी असताना का जाते, तेही तिथे कट्ट्यावरच कळलं. विहिरीवरून रस्ता दिसतो. मुलगा त्या रस्त्याने गेला होता. नवऱ्याच्या ‘पाणी लो लेव्हल’मध्ये हे सगळं वाहून गेलं होतं. मला एकदम रडूच आलं, भर बसथांब्यावर, भज्यांचा कागद हातात घेऊन. सासूबाईंनी माझी पाठ थोपटली आणि त्यांना इतका आनंद झाला की बस आली ती दोघींनाही दिसली नाही. बस निघून गेली, आम्ही दुसरीची वाट बघितली. मी चिडले नाही. मी, ज्या बाईने लिफ्ट हळू चालते म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडण काढलेलं आहे.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. आता आम्ही कसं छान वाचतोय, कसं भराभर कळतंय, लवकरच संपेल. तो कणीक मळत होता, त्याने हात थांबवले.

“संपेल?” तो म्हणाला.

“हो. का?”

“संपलं की आई जाणार.”

हा माणूस महिन्यातून एकदा पूर्ण वाक्य बोलतो, आणि ते हे. पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर स्वच्छ सांगितलेली गोष्ट मी ऐकलीच नव्हती. मी ऑर्डर वेळेआधी काढण्यासाठी जिवाचं रान करत होते, आणि ती निघाली की गेटमधून माझाच माल बाहेर जाणार होता. मला खूप भीती वाटली. बेल वाजवते आहे आणि आतून कुणी ओरडत नाही, असं डोळ्यांसमोर आलं.

त्यानंतर मी जे काही हळू वाचायला लागले त्याला तोड नाही. स्वल्पविरामाला थांबायचे. पूर्णविरामाला पाणी पिऊन यायचे. “आई, एक मिनिट, हे मागचं पुन्हा बघू या का?” असं मी म्हणायला लागल्यावर सासूबाईंनी आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. मी शंका काढायचे. म्हातारीचं लुगडं हिरवं का? विहिरीला रहाट आहे की नाही? सून डावखुरी असेल का? मासी कंटाळून निघून जायच्या. गंमत अशी की शंका खोट्या काढता काढता खऱ्या व्हायला लागल्या. हिरवं लुगडं खरंच आधी मुलीचं होतं. सून खरंच डावखुरी होती, आणि ते एकदा कळल्यावर कुठल्याही पानावर तिला मी लांबूनसुद्धा ओळखायचे. मी लबाडी करायला गेले आणि मला वाचता यायला लागलं, हे मला कबूल करायला अजून जड जातं.

पण किती ताणणार? ए गेली, बी गेली, सी शिफ्टही पातळ होत आली. शेवटचं एक प्रकरण राहिलं. ते बाकीच्यांपासून केव्हाच सुटं झालं होतं. सासूबाईंनी बॅग कपाटावरून खाली काढली. “उद्या हे वाचू आणि परवा मी निघते,” असं म्हणाल्या. नवरा जाऊन उगाचच नळाचा वॉशर बदलायला लागला. नळ गळत नव्हता.

शेवटचं प्रकरण लपवायचं, असा बेत मी बसमध्ये बसूनच केला होता. दुसऱ्या दिवशी घरी आले आणि टेबलाकडे गेले, तर प्रकरण तिथे नव्हतं. मी नवऱ्याकडे रागाने बघितलं. माझा बेत माझ्याआधी? त्याने माझ्याकडे तसंच बघितलं. बाल्कनीत गाठून मी विचारलं, “कुठे ठेवलंस?”

“मी? मला वाटलं तू.”

मग शोधाशोध सुरू झाली. सगळ्यात जोरात सासूबाई शोधत होत्या. सोफ्याखाली वाकून बघितलं, ऑपरेशनचा गुडघा टेकून. फ्रीजमागे बघितलं. रद्दीचा गठ्ठा सोडला. “आते काय?” असं म्हणत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “शेवट न वाचता जाणं काही बरं नाही.”

“नाहीच बरं,” मी लगेच म्हणाले.

“दोन दिवस थांबून शोधावं म्हणते.”

“शोधू या ना. नीट, सावकाश शोधू या.”

दोन दिवसांनीही ते सापडलं नाही. बॅग भरलेली होती. सासूबाई तिच्यातून रोज एक साडी काढायच्या, नेसायच्या, धुऊन वाळवून परत भरायच्या. रविवारी सकाळी मात्र त्या म्हणाल्या, “किती दिवस बसणार शोधत? उद्या जातेच मी. शेवट फोनवर सांगशील.” आणि आत स्वयंपाकघरात गेल्या.

तेवढ्यात मासी लंगडत आल्या. “घूंटण बहु दुखे छे. पेलो पट्टो आपो ने.”

मी स्टुलावर चढून कपाटावरचं पट्ट्याचं खोकं काढलं. झाकण उघडलं. पट्टा वर होता. पट्ट्याखाली, चार घड्या न घालता, अगदी सपाट, एकही कोपरा न दुमडता, शेवटचं प्रकरण होतं.

मी स्टुलावरच उभी राहिले. ते तिथे मी ठेवलं नव्हतं. नवऱ्यानेही नाही. स्टुलावर चढून खोकं वर सरकवण्याइतका आता कुणाचा गुडघा ठणठणीत झाला होता, ते मला चांगलं माहीत होतं.

सगळ्यात वर शेवटचंच पान होतं. अंगणात तांदूळ निवडणारी बाई. पहिल्यांदा मी ते पान काढलं तेव्हा मला काहीही कळलं नव्हतं. आता दोन ओळी वाचल्या असत्या तरी ती तिघींपैकी कोण, हे हातांवरून ओळखलं असतं. जन्मात कधी कुठल्या पानासाठी जीव इतका कासावीस झाला नव्हता. मी पट्टा काढला, झाकण लावलं आणि खोकं होतं तिथे सरकवून दिलं.

पट्टा मासींना देऊन मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. उद्या जाणाऱ्या सासूबाई ओट्याशी उभ्या राहून पातेल्यात मटकी भिजत घालत होत्या. भिजायला एक रात्र, मग फडक्यात बांधून मोड यायला आणखी एखादा दिवस, आणि त्यानंतर उसळ.

“खोक्यात काय शोधत होतीस?” त्यांनी मागे न बघता विचारलं. हात पाण्यातच थांबला होता.

“पट्टा. मासींना हवा होता.”

“सापडला?”

“पट्टा सापडला.”

“आणि... ते?”

“ते कुठेच नाही, आई.”

त्यांचा हात पुन्हा हलायला लागला. मटकी खळखळून धुतली, पाणी ओतलं, दुसरं घेतलं.

“मग आता काय करायचं?” त्या म्हणाल्या.

“पहिल्यापासून वाचू या.”

“पुन्हा? एवढं सगळं?”

“हो. मला ती म्हातारी अजून नीट कळलेली नाही.”

सासूबाईंनी तेव्हा वळून माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. दोघींपैकी एकीनेही तोंडाने काही सांगितलं नाही.

“तुला वेळच लागेल,” त्या म्हणाल्या, आणि डब्यातून आणखी एक मूठ मटकी काढून पातेल्यात टाकली. मग माझ्यापुढे पाट सरकवला. “बठ आठे. चहा ठेवते.”